कंबर वाकल्यावर दुखते की उभे राहिल्यावर? त्यावरून ठरवा आसन

कंबर धरली की पहिला सल्ला येतो तो भुजंगासनाचा, म्हणजे पालथे पडून छाती वर उचलण्याचा. बेळगावच्या वडगाव-शहापूर भागात यंत्रमागासमोर दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसालाही तोच, आणि खानापूरकडे पावसात ओणव्याने भाताचे रोप लावणाऱ्या बाईलाही तोच. दोघांच्या कमरेवर येणारा ताण मात्र वेगवेगळ्या दिशेचा असतो. म्हणून योगवर्गाला जावे की फिजिओथेरपी घ्यावी, हा प्रश्न नंतरचा. आधी आपली कंबर कोणत्या दिशेला दुखते ते बघा.

बघायची रीत सोपी आहे. खुर्चीत दहा मिनिटे थोडे पुढे झुकून बसा आणि दुखणे कुठवर जाते ते ध्यानात ठेवा. मग उभे राहून दोन्ही तळवे कमरेमागे टेकवा, सावकाश मागे झुका, परत सरळ व्हा. असे आठ-दहा वेळा. दुखणे किती कमी झाले यापेक्षा ते कुठे सरकले हे जास्त महत्त्वाचे. पोटरीतली कळ मांडीत आली, मांडीतली कमरेत आली, तर ती हालचाल तुम्हाला मानवते. कंबर जरा जास्त दुखली तरी चालेल. उलट कंबर हलकी झाली पण कळ पायात खाली उतरली किंवा मुंग्या वाढल्या, तर तिथेच थांबा.

वाकल्यावर, बसल्यावर, शिंकल्यावर त्रास वाढत असेल तर बहुधा मणक्यांमधली गादी दुखावलेली असते. लोक ‘गादी सरकली’ म्हणतात. प्रत्यक्षात ती जागची हलत नाही, मागच्या बाजूला फुगते आणि कधी शेजारच्या शिरेला टेकते. कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांवर ही पाळी सर्वांत जास्त येते. अशांना मागे झुकणारी आसने बहुतेक वेळा मानवतात, पण ती पायरीपायरीने करायची. पहिले दोन-तीन दिवस नुसते मकरासन: पालथे पडून, कपाळ हातांवर, पाय सैल, दोन मिनिटे. मग कोपरांवरचे भुजंगासन. कोपरे बरोबर खांद्यांखाली, ओटीपोट जमिनीला चिकटलेले, नितंब सैल. अर्धा मिनिट थांबून खाली यायचे, पाच वेळा, दिवसातून तीनदा.

चूक होते ती इथे. दोन दिवसांत बरे वाटले की माणूस हात सरळ करून छाती उंच उचलतो. पाठीचा छातीमागचा भाग मुळात ताठ असतो, तो वाकत नाही. ओटीपोट जमिनीवरून सुटते आणि सगळा बाक शेवटच्या दोन मणक्यांवर येतो. फोटोत आसन देखणे दिसते, दुसऱ्या दिवशी कंबर धरते. आठवडाभर कोपरांवरच राहिलात तर काही बिघडत नाही.

दुसरा प्रकार वेगळा. उभे राहिले, चालले की कंबर व पाय भरून येतात, आणि बसले किंवा पुढे झुकले की काही मिनिटांत मोकळे वाटते. चालवत नाही, पण सायकल चालवता येते. साठीनंतर हे जास्त दिसते. मणक्यातली नसांची वाट अरुंद झालेली असते आणि मागे झुकल्यावर ती आणखी आवळते. यांना भुजंगासन देऊ नये. एकेका पायाचे पवनमुक्तासन (उताणे पडून गुडघा छातीशी धरायचा; वीस सेकंद, प्रत्येक बाजूला पाच वेळा) आणि छातीखाली उशी घेऊन शशांकासन (गुडघे दुमडून बसून पुढे वाकायचे) यांना मानवते. गुडघे साथ देत नसतील तर खुर्चीवर बसून पुढे झुकले तरी तेवढाच उपयोग.

मार्जरासन, म्हणजे हात-गुडघ्यांवर ओणवे होऊन पाठ वर-खाली करणे, दोन्ही प्रकारांत चालते. पण आपल्याला त्रास देणाऱ्या बाजूला थोडेच जायचे.

मांडीमागचे स्नायू आखडलेले असले तर पश्चिमोत्तानासन आणि टॉवेल घेऊन केलेले सुप्त पादांगुष्ठासन यांत निवड करावी लागते. आमचे मत दुसऱ्याच्या बाजूने आहे. बसून पायाचे अंगठे धरायला जाल तर आखडलेले स्नायू ओटीपोटाची हाडे फिरू देत नाहीत, मग वाकते ती कंबर. उताणे झोपून तळपायाला टॉवेल अडकवला, दुसरा पाय गुडघ्यात वाकवून ठेवला, की कंबर जमिनीवर सुरक्षित राहते. अर्धा मिनिट, तीन वेळा. पायात कळ येत असेल तर तेही इतक्यात नको. पाय डोक्यामागे नेण्याचे हलासन आणि दोन्ही पाय एकदम उचलायचे उत्तानपादासन दुखत्या कमरेला वर्ज्य समजा.

पहाटेच्या वर्गांविषयी थोडे. रात्रभर आडवे असताना गाद्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे उठल्यावरचा पहिला तासभर पुढे वाकणे त्यांना जड जाते. साडेपाचचा वर्ग, बेळगावची थंडी, आणि सुरुवातीलाच सूर्यनमस्कारातले पादहस्तासन (उभ्याने वाकून हात पावलांशी टेकवणे), हा मेळ वाकताना दुखणाऱ्या कमरेसाठी वाईट आहे. अशांनी संध्याकाळचा वर्ग धरावा. तो नसेल तर सकाळी वाकायची आसने गाळावीत.

आता वर्ग की फिजिओथेरपी? अमेरिकेत बोस्टनमध्ये ३२० जणांवर केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखीत बारा आठवड्यांचा योगवर्ग फिजिओथेरपीपेक्षा कमी पडला नाही. मात्र ती आसने दुखऱ्या कमरेसाठी मुद्दाम निवडलेली होती. सभागृहात माइकवरून चाळीस जणांना एकच सूचना देणारा वर्ग त्यात धरू नका. वर्ग निवडताना शिक्षकाला एकच विचारा: ‘मला वाकताना दुखते, माझ्यासाठी काय बदलाल?’ ‘सवयीने जाईल’ असे उत्तर आले तर दुसरा वर्ग शोधा. खुर्ची, पट्टा, ठोकळे वापरणारा अय्यंगार पद्धतीचा शिक्षक मिळाला तर उत्तम.

कळ पायात उतरत असेल तर आधी फिजिओथेरपिस्ट, वर्ग नंतर. फिजिओथेरपिस्ट कन्नड बोलणारे असले तर चार शब्द पुरतात: ‘सोंट’ म्हणजे कंबर, ‘कालु’ म्हणजे पाय, ‘नोवु’ म्हणजे दुखणे आणि ‘जोमु’ म्हणजे मुंग्या.

कमरेच्या पट्ट्याची भिस्त सोडा. जुनाट कंबरदुखीत तो नेहमीचा उपाय म्हणून नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. नुकतीच उसण भरली असेल तर एक-दोन दिवसांपलीकडे अंथरूण धरू नका. घरातल्या घरात चालत राहा.

लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. ताप, वजन घटणे किंवा पडल्यानंतरचे दुखणे असेल तर तपासणीआधी कोणतेही आसन नको.

लावणीच्या दिवसांत आसनांना वेळ मिळत नाही हे खरे. तेव्हा दर अर्ध्या तासाने बांधावर सरळ उभे राहून, हात कमरेमागे टेकवून, पाच वेळा मागे झुकायचे. मागावरच्या माणसाने त्याउलट करावे: एक पाय विटेवर ठेवून उभे राहावे, पाय आलटून पालटून.