हिरव्या रंगाखाली दडवलेली गळती : मल्टिमीटर दुरुस्तीतील फसवणुकीचा अनुभव

नाशिकमधील सातपूरच्या एका कारखान्याच्या देखभाल विभागात मी 27 वर्षे काम केले आणि निवृत्तीच्या वेळी विभागातून भंगारात निघालेला फ्लूक 8050ए हा मल्टिमीटर (व्होल्टेज, विद्युतप्रवाह आणि रोध मोजणारे यंत्र) रीतसर पैसे भरून घरी आणला. साडेचार अंकी (19999 पर्यंत आकडा दाखवणारे), ट्रू आरएमएस (एसी विजेचे खरे परिणामी मूल्य) मोजणारे हे यंत्र मी अर्धे आयुष्य हाताळले होते, म्हणून त्याचे मोल माझ्या लेखी भंगाराच्या भावापेक्षा फार वेगळे होते. आमच्याकडचा नग रिचार्जेबल सेल असलेल्या प्रकारातला होता. तो बरीच वर्षे कपाटात पडून राहिला आणि मागच्या वर्षी मार्चमध्ये उघडला तेव्हा निकेल-कॅडमियम सेल फुटून बोर्डावर पांढरी पूड आणि हिरवट-निळे डाग पसरलेले दिसले.

हे काम मी स्वतः करू शकलो असतो, परंतु मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे डोळ्यांना ताण देण्यास डॉक्टरांची मनाई होती. एका परिचितांनी अंबड भागातील एका दुरुस्ती करणाऱ्याचे नाव सुचवले. जुनी मोजमाप यंत्रे पूर्ववत करण्यातच आपला हातखंडा आहे असे त्याने सांगितले, 7,500 रुपये ठरवले, 4,000 रुपये आगाऊ घेतले आणि कॅलिब्रेशनच्या (यंत्राचे आकडे प्रमाण उपकरणाशी पडताळण्याच्या) प्रमाणपत्राचे 1,200 रुपये वेगळे लावले. एप्रिलमध्ये यंत्र परत आले. आत नवे सेल होते, बोर्ड चकचकीत दिसत होता आणि माझ्याजवळच्या एडी584 चिपवरच्या, अचूक 10 व्होल्ट देणाऱ्या संदर्भ स्रोतावर यंत्र 10.001 व्होल्ट दाखवत होते. मी उरलेले पैसे त्याच दिवशी दिले.

यंत्र देताना तो एक वाक्य बोलला होता, ते मला आजही टोचते. "काका, खाण्याच्या सोड्याने आतून स्वच्छ धुतलंय, आता काही बघायला नको." खाण्याचा सोडा आम्लावर उपयोगी पडतो, म्हणजे लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून सल्फ्युरिक आम्ल सांडले असेल तर. निकेल-कॅडमियम सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळते आणि ते अल्कली आहे. त्याला सोडा नव्हे, सौम्य आम्ल लागते: पांढरे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. तांब्याचे भांडे आपल्या घरी चिंचेने घासतात, सोड्याने नाही, इतकी ही साधी गोष्ट आहे. ज्याला सेलचा प्रकार आणि धुण्याचे द्रव्य यांची सांगड घालता येत नाही, त्याच्या हाती यंत्र देऊ नये, हे मला त्याच क्षणी कळायला हवे होते.

जुलैमध्ये पावसाची संततधार लागली आणि त्याच स्रोतावर यंत्र 10.31 दाखवू लागले. दोन दिवसांनी 10.22, पुन्हा पाऊस वाढल्यावर 10.4 च्या पुढे. शंका आली म्हणून झाकण काढून बोर्डावर दहा मिनिटे हेअर ड्रायरची कोमट हवा सोडली, तर आकडा सावकाश उतरत 10.00 वर आला आणि रात्रभर उघडे ठेवल्यावर सकाळी पुन्हा चढला. ओलाव्यासोबत चढउतार करणारी चूक म्हणजे बोर्डावर उरलेले क्षार हवेतील दमटपणा शोषून वीज वाहू देत आहेत. या यंत्राचा इनपुट रोध (मोजायच्या व्होल्टेजला यंत्राच्या आत मिळणारा रोध) 10 मेगओम, म्हणजे 1 कोटी ओहम, आहे. तेवढ्या रोधाला 100 मेगओमची गळती समांतर जोडली गेली, तरी तो 9.09 मेगओमपर्यंत खाली येतो, म्हणजे रोधात 9 टक्के फरक पडतो. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या कोरड्या हवेत हा दोष दिसणारच नव्हता.

मग भिंग घेऊन पाहिले. बोर्डाच्या रंगाशी जवळपास जुळणारा हिरवा रंग ब्रशने फासलेला होता, कडेला ब्रशचा एक केसही अडकला होता. ब्लेडच्या टोकाने उचलल्यावर रंगाचा पापुद्रा सलग निघाला आणि खाली कल्हई उडालेल्या, कळकलेल्या पितळेच्या भांड्यावर दिसते तशी हिरवी भुकटी होती. एक ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची वाहक पट्टी) पूर्ण खाल्ला गेला होता आणि त्यावर सोल्डरचा जाड थर ओढून तो जोडल्याचे भासवले होते. सेलच्या ऋण टोकाकडून येणारी वायर सोलून पाहिली, तर आतले तांबे दोन इंच काळे पडले होते. अल्कली त्या टोकाकडून सरपटत वायरीच्या आवरणाखालूनही पुढे जाते, म्हणून अशी वायर बदलावीच लागते. त्याने ती तशीच ठेवली होती.

त्यानंतर प्रमाणपत्र पुन्हा वाचले. त्यावरील अनुक्रमांक माझ्या यंत्राचा नव्हता. मोजमापाच्या अनिश्चिततेचा आकडा कुठेही नव्हता, वापरलेल्या संदर्भ उपकरणाचा उल्लेख नव्हता, आणि एनएबीएलचे (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे) चिन्ह छापलेले असूनही त्या प्रयोगशाळेचे नाव एनएबीएलच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त यादीत मला सापडले नाही. ही यादी कोणालाही पाहता येते. पैसे देण्याआधी पाच मिनिटे काढून मी ती पाहिली असती, तर निदान 1,200 रुपये तरी वाचले असते.

फोन केल्यावर त्याने आधी "पावसात सगळ्याच जुन्या यंत्रांचं असं होतं" असे सांगितले आणि नंतर फोन उचलणे बंद केले. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली असून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची तयारी चालू आहे. दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर या आयोगात तक्रारीला शुल्क लागत नाही आणि मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षांची असते. उघड्या बोर्डाची छायाचित्रे, पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि रंगाचे पापुद्रे भरलेली पिशवी मी जपून ठेवली आहे. यंत्र देण्यापूर्वीची बोर्डाची छायाचित्रे मात्र माझ्याकडे नाहीत आणि काढलेले जुने सेल व सुटे भाग मी परत मागितले नव्हते, हीच माझ्या तक्रारीची दुबळी बाजू आहे.

डोळे बरे झाल्यावर ऑगस्टमध्ये मी स्वतः काम हाती घेतले. रंग पूर्ण खरवडला, डागांवर व्हिनेगर लावून फेस थांबेपर्यंत वाट पाहिली, मग डिस्टिल्ड पाण्याने तीनदा आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतले, आणि बोर्ड रात्रभर दिव्याच्या उबेत वाळवला. तांबे चमकेपर्यंत ट्रॅक घासले, खाल्लेल्या जागी बारीक तार टाकली आणि काळी पडलेली वायर बदलली. बाहेर मुसळधार पाऊस असताना त्या संध्याकाळी यंत्राने 10.002 दाखवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. मी मुद्दाम कोणताही लॅकर (संरक्षक लेप) चढवलेला नाही, म्हणजे पुढे कुठे हिरवे दिसू लागले तर ते उघड्या डोळ्यांना दिसेल.