विंग चुनचा लाकडी डमी: भिंतीवर की स्टँडवर?
विंग चुन या चिनी युद्धकलेच्या सरावाचा डमी (लाकडी हात बसवलेलं खोड) तयार झाला पण लावायचा कुठे यात अडकला असाल तर सांगतो. भिंतीवर म्हणजे खोड दोन आडव्या लवचिक पट्ट्यांवर टांगलेलं, फटका बसला की जरासं मागे जाऊन परत येतं, आणि मला तर हा प्रतिसादच सगळ्यात मोलाचा वाटतो, आपल्या हातांना झटकाही कमी बसतो. पण भिंत भक्कम हवी, नुसत्या प्लास्टरमध्ये अँकर बोल्ट धरत नाहीत, शिवाय धक्के शेजाऱ्यांपर्यंत जातात. स्टँडला ड्रिलिंग नाही, मात्र बेसवर वाळूच्या गोण्या टाकल्या नाहीत तर लाथेसरशी अख्खा डमी सरकतो. डमीचे तिन्ही हात खोडाच्या भोकात थोडे सैलच ठेवा, खटखट वाजले पाहिजेत. घर स्वतःचं आणि सराव रोजचा असेल तर भिंतच, भाड्याचं असेल तर स्टँड.