लोखंड घेताना आधी वजन विचारा

मार्च २०२० नंतर जिमना कुलपं लागली आणि डंबेल, केटलबेल, प्लेटा बघता बघता बाजारातून गायब झाल्या. ओतकामाचे कारखाने थंडावलेले, जहाजं खोळंबलेली आणि घरी अडकलेल्या प्रत्येकाला गॅरेजमध्ये वजनाचा बार टेकवायचा रॅक हवा. जो 'माल शिल्लक आहे' म्हणेल त्याच्याकडे पैसे जात होते, तेही वस्तू न बघता. तेव्हा ज्या युक्त्यांनी लोक नाडले गेले त्या अजून तशाच चालू आहेत. त्यातल्या बहुतेक एका प्रश्नाने उघड्या पडतात: याचं वजन किती?

सगळ्यात ढोबळ प्रकार म्हणजे मालच नसलेलं दुकान. वेबसाइट देखणी, फोटो दुसऱ्यांचे उचललेले, किंमत इतरांच्या तिसऱ्या हिश्शाची, वर घरपोच फुकट. इतक्या स्वस्तात शंभर किलो लोखंड फुकट पोचवणं कोणाच्याच हिशेबात बसत नाही. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, कधी नोंदवलं ते इंटरनेटवर कोणालाही बघता येतं. 'वीस वर्षांची परंपरा' सांगणारं दुकान गेल्या महिन्यातलं निघालं तर विषय संपला. पैसे भरल्यावर येणारा ट्रॅकिंग नंबर मात्र बऱ्याचदा खरा असतो. पार्सल त्याच भागातल्या भलत्याच पत्त्यावर जातं, नाहीतर तुमच्याच दारात येतं आणि आत दोरीउड्यांची दोरी निघते. नोंद होते 'पोचलं', आणि त्या नोंदीवरच तुमची तक्रार फेटाळली जाते. अशा वेळी कुरिअरकडून पार्सलचा पत्ता आणि वजन लेखी घ्या. ऑर्डर ६० किलोची आणि पार्सल ३०० ग्रॅमचं, यापेक्षा बोलका पुरावा नाही.

'महामारीमुळे उशीर होतोय, आणखी दोन आठवडे थांबा' ही तेव्हाची मेलही भाबडी नव्हती. कार्डाने केलेल्या व्यवहारावर हरकत घ्यायची मुदत साधारण १२० दिवसांची असते, आणि ती उलटेपर्यंत तुम्हाला झुलवत ठेवायचं असतं. मुदत नेमकी केव्हापासून मोजतात ते आपल्या बँकेला आधीच विचारून ठेवा. थेट बँक ट्रान्सफर केलं असेल तर ही वाटही बंद, म्हणून फक्त ट्रान्सफरच मागणाऱ्याकडून काही घेऊ नये.

आता माल खरंच येतो तेव्हाची फसवणूक. ही जास्त चिवट, कारण वापरायला लागेपर्यंत ती कळतच नाही.

रॅकच्या जाहिरातीत 'हेवी ड्यूटी १४ गेज' असं ठळक लिहितात. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो: ११ गेज म्हणजे सुमारे ३ मिमी, १४ गेज म्हणजे जेमतेम १.९. पातळ पाइपात हुक अडकवायची भोकं हळूहळू लांबट होतात आणि बार ठेवताना रॅक डुलतो. बाहेरून पावडर कोटिंग सारखंच दिसतं, म्हणून हिशेब वजनाने करा. ५० × ५० मिमीचा चौकोनी पाइप २ मिमी जाडीचा असेल तर मीटरला ३ किलो भरतो, ३ मिमीचा असेल तर सुमारे ४.४. रॅकला १६ मीटर पाइप लागत असेल तर नुसता पाइपच एकाचा ४८ किलो, दुसऱ्याचा ७०. विक्रेता ३ मिमी म्हणतो आणि खोक्यावर सगळं मिळून ५० किलो लिहिलंय, तर उत्तर तिथेच मिळालं. माल हातात आल्यावर पाइपाचं प्लॅस्टिकचं टोपण काढून कडेला व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) लावा. बोल्टच्या डोक्यावर ८.८ ही मजबुतीची खूण कोरलीय का, वेल्डिंग सलग आहे की नुसते टाके मारलेत, हेही तेव्हाच बघून घ्या.

बारमध्ये तर सरळसरळ खोटं चालतं. ऑलिंपिक बार २० किलोचा, २.२ मीटर लांब, दांडा २८ मिमी, प्लेटा सरकवायच्या टोकाच्या बाह्या ५० मिमी, दोन्ही बाह्यांमधलं अंतर १३१० मिमी. याच्या नावाखाली २५ मिमीचा एकसंध सात फुटी दांडा विकला जातो. तो भरीव असला तरी सव्वाआठ किलोच्या आसपासच भरतो, २० किलोचा होऊच शकत नाही. 'सहाशे किलो पेलतो' अशी वाक्यं सोडून द्या, ती घरी तपासता येत नाहीत. जुना बार घेताना तो हुकांवर ठेवून मधला दांडा हाताने फिरवा. टोकं गोल घोळत असतील तर दांडा वाकलेला आहे. आणि 'पूर्ण सेट' घेताना प्लेटांचं भोक विचारा. ५० मिमीच्या बाहीसोबत २५ मिमी भोकाच्या प्लेटा पाठवून परतीचा खर्च तुमच्याच माथी मारणारे कमी नाहीत.

प्लेटेवर नुसतं '४५' दिसलं तर एकक विचारा. ते पौंड असतील तर २०.४ किलोच. 'शंभर किलोचा सेट' यात बार आणि प्लेटा अडकवून ठेवणारे लॉकसुद्धा धरलेत का, हेही विचारा. घरच्या काट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग प्लेट घेऊन, आणि फरक काढा. हलक्या वस्तू अशा काट्यावर नीट मोजल्या जात नाहीत. बीड (ओतीव लोखंड) म्हणून रंगवलेलं सिमेंट दिलंय अशी शंका आली तर प्लेट सामान तोलायच्या टांगत्या काट्याला बांधून बादलीत पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. १० किलोचं बीड पाण्यात सुमारे ८.६ किलो दाखवतं, सिमेंट ५.८ च्या आसपास. अर्थात सिमेंटची प्लेट सिमेंट म्हणून विकली तर तक्रार नाही. ती आकाराने जाड असल्याने बारवर कमी मावते, एवढंच.

मॅटचंही तेच. १९ मिमी जाड, चार बाय सहा फुटांची रबरी मॅट ४५ किलोच्या घरात जाते. एका हाताने सहज उचलता आली तर तो फोम आहे आणि रॅकच्या पायांखाली तो कायमचा दबणार.

ट्रेडमिलवर 'पीक हॉर्सपॉवर' लिहिलेलं असतं, तो आकडा क्षणभराचा. सलग चालण्याची ताकद वेगळी लिहिलेली नसेल तर ती कमीच असणार असं समजा.

खोकी उघडतानाच प्रत्येक भागाचा काट्यावर ठेवलेला फोटो काढा, आकडा आणि खोक्यावरचं लेबल दोन्ही दिसतील असा. हे जोडणीच्या आधी करा. एकदा बोल्ट आवळले, रंगावर ओरखडे उठले, की विक्रेता 'वापरलेला माल' म्हणून हात वर करतो.