बेळगावच्या टिळकवाडीतली को-वर्किंग जागा: आठला कुलूप लागतं त्याचे चार स्टार

पहिलंच सांगतो, वायफाय आणि एसी बघून ही भाड्याने टेबल घेऊन काम करायची जागा घेणार असाल तर घेऊ नका. वायफाय आता शहापूरच्या बोळात पण चांगलं मिळतंय. मी महिन्याला साडेतीन हजार आणि वर अठरा टक्के जीएसटी मोजतो ते एकाच गोष्टीसाठी, रात्री आठला इथे कुलूप लागतं. म्हणजे लागतंच. क्लायंटच्या व्हिडिओचं रेंडर, म्हणजे फायनल फाइल बनणं, अर्धं राहू दे, आभाळ कोसळू दे, आठला बाहेर.

मी व्हिडिओ एडिटिंग करतो, फ्रीलान्स. पुण्याचे दोघं क्लायंट, एक न्यूयॉर्कचा, आणि मधूनमधून उद्यमबागेतल्या कारखानदारांच्या मशीनच्या फिल्म. घर शहापुरात, माणसं भरपूर. घरून काम करणाऱ्याचे हाल ज्यांनी भोगलेत त्यांना वेगळं सांगायला नको. नोकरीवाला भाऊ सकाळी नऊला बाहेर पडला की त्याला कोण विचारत नाही, आणि मी लॅपटॉप उघडून बसलो की आई म्हणणार, तू घरातच आहेस नव्हे, सिलिंडरवाला येईल तेवढं बघ. मग काकूंना दवाखान्याला सोडून ये, मग पाहुणे आलेत जरा बाहेर येऊन बस की. नाही म्हणायचं कसं, आपलीच माणसं. मग दिवसाचं काम रात्री सरकतं, रात्रीचं पहाटे, आणि दोस्त खाली येऊन हाक मारतात तेव्हा आपण एडिटिंगच्या टाइमलाइनमध्ये घुसलेले. त्यांच्या मते मी कधी पण मोकळा, आणि मी तर कधीच मोकळा नाही, असा हा धंदा.

जागतिक आरोग्य संघटना (डब्ल्यूएचओ) आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना (आयएलओ) यांनी मिळून 2021 मध्ये एक अभ्यास काढला होता, आठवड्याला 55 तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका साधारण 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा 17 टक्क्यांनी जास्त. आता 55 तास म्हणजे किती हो, सुट्टी न घेता रोज आठ तास केले तरी 56 होतात. आणि फ्रीलान्सरला रविवार कुठला.

तर जागेबद्दल. आरपीडी क्रॉसपासून चालत जायच्या अंतरावर आहे, पहिला मजला, खाली मेडिकल. सकाळी नऊ ते रात्री आठ, रविवार बंद. साधीच आहे, भिंतीवर इंग्लिश सुविचार लावलेत ते दुर्लक्ष करा. पाटी कन्नड, मराठी, इंग्लिश तिन्हीत आहे पण आतले नियम फक्त इंग्लिशमध्ये, ते का ते त्यांनाच ठाऊक.

बंद करायची पद्धत बघण्यासारखी आहे. तिथे जे अण्णा आहेत ते पावणेआठला एसी बंद करतात, बोलत काही नाहीत. मग मागच्या ओळीच्या ट्यूबलाईट जातात, मग मधल्या, आणि आपण तरी बसलोच असलो तर शेजारी येऊन उभे राहतात आणि हातात किल्ल्या वाजवत म्हणतात, "सर, टाइम आयतु." आयतु म्हणजे कन्नडमध्ये झालं, आणि एकदा आयतु म्हटलं की आयतु. मी पाच मिनिटं मागून बघितली, जास्तीचे पैसे देतो म्हणून बघितलं, मराठीत बघितलं, मोडक्या कन्नडमध्ये बघितलं. ते हसतात आणि उरलेली लाईट घालवतात. असला माणूस प्रत्येक घरात एक पाहिजे.

ह्याचा फायदा असा झाला की न्यूयॉर्कवाल्याशी बोलायला तोंड उघडावं लागलं. आधी त्याचा कॉल आपल्या रात्री अकराला, म्हणजे त्याचं जेवण उरकून तो निवांत बोलायला बसणार आणि माझी झोप जाणार. त्याला सरळ लिहिलं, माझं ऑफिस आठला बंद होतं. ऑफिस हा शब्द वापरला की लोक ऐकतात, गंमत आहे. आता कॉल त्याच्या सकाळी नऊला, उन्हाळ्यात आपले साडेसहा वाजतात, आणि नोव्हेंबरमध्ये तिकडे घड्याळं एक तास मागं घेतली की आपले साडेसात. हिवाळ्यात अर्ध्या तासात गुंडाळावं लागतं कारण अण्णा एसीच्या बटणाजवळ उभे. पण आधी जो कॉल तास-दीड तास चालायचा तो आता पंचवीस मिनिटात होतो, आणि कामात काही फरक पडलेला नाही.

खुर्च्यांवर मात्र माझा राग आहे. खिडकीकडच्या ओळीतल्या चांगल्या आहेत, कमरेला आधार आहे, हात टेकायची उंची बदलता येते. मागच्या ओळीतल्या खुर्च्यांचा गॅस गेलाय, आपण बसतो तेव्हा उंच असतात आणि तासाभरात हळूहळू खाली, शेवटी टेबल छातीला लागतं आणि खांदे कानापर्यंत. सांगून झालं, वहीत लिहून झालं, "करतो सर" चालूच आहे. तब्येतीसाठी जागा घ्यायची आणि कमरच घालवायची ह्याला काय अर्थ आहे? म्हणून सांगतो, पैसे भरायच्या आधी खिडकीकडची जागा ठरवून घ्या. तिथून समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर बसलेली कबुतरं दिसतात, आणि डोळ्यांचे डॉक्टर सांगतात ना, दर वीस मिनिटांनी वीस फुटावर वीस सेकंद बघा, त्याला ती टाकी बरोबर कामाला येते. घरात माझ्या खोलीत वीस फूट अंतरच नाही!

दीड वाजता सगळे डबे घेऊन मधल्या टेबलावर बसतात. नियम कोणी केला नाही, आपोआप पडलाय. एक फाउंड्रीची कॅड ड्रॉइंग करणारा आहे, एक ताई मेडिकल कोडिंग करतात, दोघं सीएचा अभ्यास करणारे, ते सगळ्यात कमी बोलतात आणि सगळ्यात जास्त खातात. घरी मी कीबोर्डशेजारी ताट ठेवून जेवायचो, काय खाल्लं ते पण कळायचं नाही. इथे अर्धी मराठी अर्धी कन्नड अशा गप्पा होतात, कोणाचं पेमेंट अडकलंय, कोणता क्लायंट "छोटासा बदल" म्हणून अख्खं काम परत करून घेतो, सगळं निघतं. आणि ज्याचं अडकलेलं पेमेंट आलं त्याने कुंदा आणायचा, आपली बेळगावची खव्याची मिठाई. महिनाअखेरीला दोन-तिघांचं पेमेंट एकदम आलं की काय होतं ते तुम्हीच बघा, तब्येतीच्या बाजूने ह्या जागेचा हा एकच तोटा.

आठला बाहेर पडलं की दोस्त लोक भेटतात, घरी सगळ्यांबरोबर जेवायला मिळतं. सकाळी नऊच्या आधी जागा उघडतच नाही त्यामुळे व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात चालायला जायला वेळ आपोआप निघतो. आठवड्याला दीडशे मिनिटं तरी चाला म्हणतात, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, झाडी मस्त आहे, जुलैच्या पावसात मात्र माझं पण बंद असतंय.

बाकी तक्रारी थोडक्यात. फोनवर बोलायची काचेची खोली एकच आणि आवाज बाहेर ऐकू येतो, तुमचा रेट सगळ्यांना कळतो. लाईट गेली की इन्व्हर्टरवर पंखे आणि वायफाय चालतं, एसी नाही. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला आणि गणपती विसर्जनाला जागा बंद असते, ते बरोबरच आहे, त्या दिवशी काम करणारा बेळगावचा कसला, पण त्या दिवसांचे पैसे कापत नाहीत. आणि पैशावरून एक, तुम्ही इन्कम टॅक्सच्या प्रिझम्प्टिव्ह स्कीममध्ये निम्मं उत्पन्न नफा म्हणून दाखवत असाल तर हे भाडं वेगळं खर्चात धरता येत नाही, तेव्हा टॅक्स वाचेल म्हणून घेऊ नका.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचे क्लायंट असतील तर ही जागा तुमच्या कामाची नाही, तिथे सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ-साडेदहा. ज्यांची लेकरं लहान आहेत आणि दुपारी शाळेतून आणायची असतात त्यांनी अर्ध्या दिवसाचा पास मागा, बोर्डवर लिहिलेला नाही पण देतात.

काँग्रेस रोडकडून येणार असाल तर रेल्वेचं दुसरं गेट पडलेलं असेल असं धरूनच निघा. गाडी लावायला दहाच्या आत पोचा, नंतर जागा नसते, आणि शेजारच्या बंगल्याच्या गेटासमोर लावायची तर अजिबात नाही. तिथले काका दोन्ही भाषांत शिव्या देतात, आणि दोन्हीत चांगल्या देतात.