घोड्याचा रक्तदाब: शेपटीवर कफ की धमनीत कॅथेटर?

घोड्याला भूल देऊन आडवं करायचं असेल तर फार विचार करू नका, धमनीतच कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घाला. जागेपणी, उभ्या घोड्याला मात्र शेपटीवरचा कफ, म्हणजे दाब मोजायचा हवेने फुगणारा पट्टा, पुरतो.

धमनीतून थेट मोजण्याची पद्धत जुनीच. स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या मांडीतल्या धमनीत पितळी नळी घालून तिला काचेची उभी नळी जोडली. रक्त हृदयाच्या पातळीपासून ८ फूट ३ इंच चढलं. हे त्यांनी १७३३ साली प्रसिद्ध केलं. आज चेहऱ्यावरची किंवा मागच्या पायाची धमनी निवडतात आणि प्रत्येक ठोक्याचा दाब पडद्यावर उमटतो. भुलेखाली हेच लाखमोलाचं. सरासरी दाब ७० मिमी पाऱ्याच्या खाली रेंगाळला, तर अंगाखाली दबलेल्या स्नायूंना रक्त कमी पडतं आणि जाग आल्यावर घोडा उठू शकत नाही. कफ नेमका अशा वेळी चुकतो. कॅथेटरला हात मात्र सरावाचा लागतो. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी आलेख चपटा होतो, वरचा आकडा खोटा कमी दिसतो. कॅथेटर काढल्यावर ती जागा काही मिनिटं घट्ट दाबून धरावी, नाहीतर रक्त साकळून गाठ येते.

कफ शेपटीच्या मुळाशी बांधतात. त्यातल्या फुग्याची रुंदी शेपटीच्या घेराच्या साधारण निम्मी हवी. अरुंद कफ दाब जास्त दाखवतो, रुंद कमी. निवांत घोड्याचं हृदय अधूनमधून एखादा ठोका गाळतं. निरोगी घोड्यातही हे चालतं, पण कफाचं यंत्र गोंधळतं. म्हणून पाच वेळा मोजा, पहिला आकडा सोडा, उरलेल्यांची सरासरी घ्या. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात: शेपटीचं मूळ हृदयापेक्षा उंच असतं. दर १० सेंटिमीटर उंचीमागे सुमारे ८ मिमी मिळवावे लागतात. घोडा मान खाली घालून चारा खात असेल तर थांबा; मान वर आली की मोजा.

डॉप्लरने, म्हणजे ध्वनिलहरींनी धमनीतला रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या उपकरणाने, फक्त वरचा दाब भरवशाने कळतो. कफाच्या यंत्राला नाडी सापडत नसेल तेव्हा तो जवळ असावा, एवढंच.

खुराच्या दाहाने आजारी घोड्यावर रोज लक्ष ठेवायचं असेल तर एकाच आकड्याला कवटाळू नका. कफ तोच, वेळ तीच, मानेची उंची तीच ठेवा आणि उंचीसाठी किती मिमी मिळवले तेही आकड्याशेजारी लिहा.