इलेक्ट्रॉनिक तानपुरा: गणपती ते पाडवा, वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. घरात गाणारं कुणी असेल तर इलेक्ट्रॉनिक तानपुरा, म्हणजे गाताना मागे सा-पचा सूर सतत धरून ठेवणारा विजेवरचा छोटा डबा, जरूर घ्या. फक्त नुसता तानपुरा घ्या, तबला जोडलेला नको. आमच्या वृंदगानातल्या एका काकांकडे तो तबल्यासकटचा आहे. त्यातला दादरा ताल सुरू झाला की लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाच्या पंगतीला बसल्यासारखं वाटतं.

आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडला राहतो. घरात मी, नवरा, अकरावीतली लेक, सासूबाई आणि खंड्या. खंड्या म्हणजे सोसायटीच्या गेटवरून घरात आलेला आणि आता सोफ्यावर हक्क सांगणारा गावठी कुत्रा. दर रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये आमचं वृंदगान भरतं. स्पर्धेबिर्धेला आम्ही जात नाही. गणपतीत, कोजागिरीला, 26 जानेवारीला गातो, एवढंच. तानपुरा मी गणपतीच्या तोंडावर दादरला जाऊन आणला, साडेपाच हजारांना. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. जे बघून पैसे मोजायचे ते कुठल्याही डब्यात तपासता येतं.

फोनवर फुकट ॲप असताना डबा कशाला, हा नवऱ्याचा पहिला प्रश्न. ॲप वाईट नसतात. पण सूर लागतोय न लागतोय तोवर 'आपलं पार्सल घेऊन डिलिव्हरी बॉय निघाला आहे' असा टणत्कार होतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. पुरुष गातात ती पट्टी 'काळी एक', म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली काळी सा धरून; तिचा षड्ज (सा) साधारण 139 हर्ट्झचा, आणि त्याचा खर्ज (खालच्या सप्तकातला सा) त्याच्या निम्मा, म्हणजे 69 च्या आसपास. फोनच्या इवल्याशा स्पीकरला हे काही झेपत नाही. वरवरचा झणझणाट ऐकू येतो आणि कान उरलेलं स्वतःच भरून काढतो. डब्याचा स्पीकरही फार मोठा नाही, पण लाकडी टीपॉयवर ठेवला तर खर्ज टीपॉयला जाणवतो. काचेच्या टेबलावर ठेवू नका, सगळी काच थरथरते.

खऱ्या तानपुऱ्यासारखा वाजतो का? नाही. मिरजेच्या तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते उगीच नाही. जवारीचा दोरा (घोडीवर तारेखाली घालतात तो) केसभर सरकवला की खऱ्या तारेचा आवाज उमलतो, ते डब्यात कुठून येणार? पण खरा तानपुरा दमट हवेत उतरतो, रोज जुळवावा लागतो, आणि आमच्या हॉलमध्ये भोपळा जिथे टेकणार तिथेच खंड्याची शेपटी फिरते. त्यामुळे तो विषय तूर्त बंद.

एक गोष्ट मात्र डब्याने खरंच शिकवली. रविवारी आम्ही वर्षानुवर्षं पेटीवर गात आलो. पेटीचे सूर सारख्या अंतरावर बसवलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार (ग) तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा 14 सेंट चढा असतो; सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप. काळीपासून शेजारच्या पांढरीपर्यंत 100 सेंट धरले, तर 14 म्हणजे फार नाही. एकटं गाताना कळतही नाही. पण पंचवीस-तीस जणांनी गंधारावर थांबायचं म्हटलं की निम्मे पेटीकडे जातात, निम्मे कानाकडे, आणि मधे नुसती किरकिर. आकाशवाणीवर 1940 पासून तीसेक वर्षं पेटीला बंदी होती, तेव्हाच्या कारणांमध्ये हेही एक होतं. आता आमचं वृंदगान घेणाऱ्या बाई लांब थांबण्याच्या जागी पेटी सोडून देतात आणि नुसता डबा चालू ठेवतात. पहिल्या रविवारी गंधार जुळला तेव्हा मागच्या रांगेतल्या काकू गाणं सोडून 'अगं बाई!' म्हणाल्या.

मिश्र वृंदगानाचं दुसरं दुखणं पट्टीचं. आम्हा बायकांना काळी चार सोयीची, पुरुषांना काळी एक. बायकांच्या पट्टीत गायलं तर पुरुष एक तर विहिरीत उतरतात नाहीतर झाडावर चढतात. त्यावर बाईंनी काढलेला तोडगा तानपुरा घेणाऱ्या प्रत्येकाला सांगावासा वाटतो. डबा काळी चारला लावायचा, पण पहिली तार पंचमाऐवजी (प) मध्यमाला (म). काळी चारचा मध्यम म्हणजेच काळी एक. त्यामुळे पुरुषांना तोच डबा आपल्या षड्ज-पंचमाचा वाटतो, कारण काळी एकचा पंचम काळी चारच असतो. मुखडा आम्ही आमच्या षड्जावर म्हणतो, अंतरा पुरुष त्यांच्या षड्जावर उचलतात, आणि मधे कुणालाही बटण फिरवावं लागत नाही. म्हणून घेताना पहिल्या तारेला पंचम, मध्यम आणि निषाद असे तिन्ही पर्याय आहेत ना, हे बघाच. स्वस्तातल्या काहींत नुसता पंचम असतो.

तक्रारीही आहेत, आणि मोठी तक्रार घरघरीची. क्लबहाऊसमध्ये डब्याचा आवाज पुरत नाही, स्पीकरला जोडावा लागतो. अडॅप्टरवर चालवून स्पीकरला जोडला की मागून घूंऽऽ असा आवाज येतो. आपली वीज 50 हर्ट्झची, ती घरघर 50 वर आणि त्याच्या दुपटीवर, 100 वर येते. आता गंमत बघा. काळी चारच्या तानपुऱ्याचा खर्ज साधारण 104 चा. 100 आणि 104 शेजारी शेजारी वाजले की सेकंदाला चार हेलकावे. बाई दोन रविवार 'खर्ज कोण हलवतंय?' म्हणून पुरुषांकडे रोखून बघत होत्या. अडॅप्टर काढून बॅटरीवर चालवला की घरघर साफ जाते. तेव्हापासून शनिवारी रात्री चार्जिंगला लावणं हे लेकीचं काम.

अडॅप्टरचं निघालंच आहे तर खंड्याचंही सांगते. दिवाळीच्या सुमारास त्याने वायर कुरतडली. नशीब, प्लग काढलेला होता. कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांना फोन केला तर 'मॅडम, मागवून देतो' म्हणाले आणि तुळशीचं लग्न होऊन गेलं तरी मागवतच होते. शेवटी स्टेशनजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने जुना अडॅप्टर हातात घेऊन, त्यावरचे व्होल्ट वाचून, पिनेच्या आत धन की बाहेर धन हे मीटरने बघून तसाच दुसरा दिला. हे बघितल्याशिवाय कुणाकडूनही 'हा चालेल हो' म्हणून अडॅप्टर घेऊ नका.

बाकी खंड्याचं आणि डब्याचं जमतं. तानपुरा नुसता चालू असला तर तो खुशाल झोपतो. पेटीचा भाता हलला की मात्र मान वर करून सूर लावतो आणि आमच्या षड्जावर कधीही येत नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आतल्या खोलीचे पडदे ओढून, पंखा लावून डबा मोठ्या आवाजात चालू ठेवला. त्याची फटाक्यांची भीती गेली असं म्हणणार नाही, पण पलंगाखालून निदान बाहेर आला आणि पाणी प्यायला.

नाताळच्या सुट्टीत गुहागरला आत्याकडे गेलो तेव्हा डबा सोबत होता. दोन वाटी पोह्यांच्या डब्याएवढा, कपड्यांच्या बॅगेत मावला. तिथे वीज येऊन जाऊन असते. पण हा डिजिटल असल्यामुळे व्होल्टेज खाली-वर झालं तरी सूर हलला नाही. आत्याकडच्या जुन्या डब्याला मात्र दर वेळी कान पिळावा लागतो. पूर्ण चार्जवर दोन सकाळी आरामात निघाल्या. आत्याची पेटी समुद्राच्या हवेने उतरलेली होती, म्हणून डब्याचं बारीक जुळवणीचं बटण थोडं मागे घेऊन तिच्याशी मिळवला. हे बटण नसेल तर तो डबा घेऊच नका.

पाडव्याच्या स्वागतयात्रेत मात्र त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. कौपिनेश्वर मंदिरापासून निघालो आणि पुढे ढोलपथक. चित्ररथावर डबा कानाशी धरून बाईंनी सूर दिला, तलावपाळीला पोचेपर्यंत आम्ही कुठल्या पट्टीत होतो ते देवाला ठाऊक. लोक टाळ्या वाजवत होते.

घरात तो सर्वात जास्त कोण वापरतं म्हणाल तर मी नाही, सासूबाई. सकाळी दूध तापायला ठेवतानाच त्या बटण दाबतात. भूपाळी, अभंग, मधेच 'अगं, दूध बघ' हेही त्याच पट्टीत. लेकीच्या अभ्यासाला म्हणे त्याने मदत होते. मार्कांमध्ये अजून दिसलेली नाही. खालच्या मजल्यावरच्यांनी एकदा विचारलं, तुमच्याकडे फ्रिज जुना झालाय का? तेव्हापासून डब्याखाली जाड रुमाल असतो.

आवाजाचं बटण अलीकडे खरखरायला लागलंय, दोन-तीनदा गरगर फिरवलं की थांबतं. गॅरंटी एक वर्षाची आहे, पण अडॅप्टरचा अनुभव बघता मी पाठवणार नाही.

घ्यायला जाल तेव्हा शक्यतो आपली एक गाणारी व्यक्ती बरोबर न्या. आपल्या पट्टीत लावून दुकानातच पाच मिनिटं 'आ'कार लावून बघा, मग मध्यमाच्या तारेवर, मग अडॅप्टरवर आणि बॅटरीवर, स्पीकरला जोडून. दुकानदार वैतागतो. आमचाही वैतागला होता, शेवटी कव्हर फुकट दिलं.