कुतचं रिव्हॉल्व्हर आणि माझे बासष्ट हजार

मला जुन्या लष्करी वस्तूंचा नाद आहे. बिल्ले, पितळी बटणं, पाण्याच्या बाटल्या, सगळं कामठीच्या भंगारवाल्यांकडून जमवलेलं. घरच्यांच्या भाषेत अडगळ. त्यामुळे ओळखीच्याच्या ओळखीतून फोन आला की पहिल्या महायुद्धातलं वेब्ली मार्क सहा हे ब्रिटिश रिव्हॉल्व्हर विकायचंय, निकामी केलेलं, शोकेसमध्ये ठेवण्यापुरतं, तेव्हा त्या रात्री मला झोप लागली नाही.

भेट कामठी रोडवरच्या एका टपरीवर. माणूस पस्तिशीचा, बोलायला गोड. जुन्या लुगड्याच्या फडक्यातून त्यानं वस्तू बाहेर काढली. "पणजोबाचं हाय जी. कुतच्या वेढ्यात होते. गोऱ्या सायबानं मरताना देल्लं."

कुत म्हटलं की मी गेलोच. तिग्रिसकाठचं इराकमधलं ते गाव. डिसेंबर १९१५ पासून १४७ दिवस तुर्कांनी सहावी पुणे डिव्हिजन तिथं कोंडली होती. त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. उपासमारीनं टेकीला येऊन जनरल टाउनशेंडनं २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करली. हे सगळं मला तोंडपाठ. तरी शरण जाऊन तुर्कांच्या कैदेत पडलेला शिपाई रिव्हॉल्व्हर घेऊन घरी कसा येईल, हे काही त्या टपरीवर सुचलं नाही! शरण जाण्याआधी त्यांनी तोफा-दारूगोळाही नष्ट केला होता. शिवाय रिव्हॉल्व्हर हे अफसरांचं हत्यार, साध्या शिपायाच्या हाती रायफल असायची.

नळीवर १९१४ कोरलेलं होतं. मार्क सहा ब्रिटिश लष्करानं स्वीकारलं मे १९१५ मध्ये. हे मी नंतर पुस्तक काढून पाहिलं. नंतरच.

खऱ्या वेब्लीची गंमत तिच्या खटक्यात असते. अंगठ्यानं खटका दाबून नळी खाली वाकवायची, की चक्रातून चांदणीसारखा भाग वर येतो आणि सहाही पुंगळ्या एकदम बाहेर ढकलतो. या वस्तूचा खटका हलेना. "सरकारी नियमानं जाम केलाय," तो म्हणाला आणि तहसीलदाराचा शिक्का असलेला कागद पुढं केला. मी खूश. नव्वदवरून बासष्ट हजारांवर सौदा ठरला. वीस हजार फोनवरून, बाकी रोख.

घरी येऊन ओल्या फडक्यानं गंज पुसायला घेतला, तर फडकं लालभडक. बायको चहा घेऊन उभी होती. म्हणाली, "अहो, हा तर गेरू. तुळशीवृंदावनाला लावतो तोच."

मग फ्रिजवरचं चुंबक आणलं. ते चिकटेचना, खाली पडलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर ६४० ग्रॅम. खरं सुमारे अकराशे ग्रॅम भरतं. खटका जाम वगैरे काही नव्हताच, तो मूळ ओतीवातच एकसंध होता. विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण फोनवरून गेलेल्या वीस हजारांचीच. रोख दिलेल्याचा पुरावा काय देणार? कोणी असं काही दाखवायला बोलावलं तर चुंबक घेऊन जावं, असा सल्ला मी आठवडाभर मित्रांना देत होतो. मग ठाण्यात गेलो.

हवालदारानं तो कागद उलटसुलट पाहिला. नागपुरात हत्याराच्या परवान्याचं काम पोलीस आयुक्तांकडं, त्यात तहसीलदार कुठून आला, म्हणाला. मग ते खेळणं हातात तोललं आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"काका, खोटं निघालं म्हणून तुम्ही फिर्यादी. खरं निघालं असतं, तर विनापरवाना हत्यार घरात ठेवलं म्हणून आर्म्स ॲक्टमध्ये तुम्हालाच आत घेतलं असतं. बसा, चहा घेता का?"